पाठ सपाट ठेवा

—फॉर्म नंतर भरा हो, आधी इथं सावलीत बसा. मुलगी नऊ वर्षांची म्हणालात ना? चांगलं वय, हाडं वळतात. अख्ख्या इपोह शहरात कुणालाही विचारा, ‘कोच लाव’ हे माझं नाव म्हणजे शिस्त. एकतीस वर्षं या तलावात फ्रीस्टाइल शिकवतोय आणि सांगणं एकच — पाठ सपाट. इस्त्री केल्यासारखी. पोरांच्या कमरेवर प्लास्टिकचा पेला ठेवतो मी, पेला पडला की आणखी दोन फेऱ्या. पालक काठावरून टाळ्या वाजवतात — पोहण्यातलं कुणाला कळतंय, पेला सगळ्यांना दिसतो.

आता नवीन खूळ निघालंय — अंग फिरवा म्हणे. उजवा हात पुढं गेला की उजवी कूस खाली, डावा खांदा पाण्याबाहेर, मग कूस बदला. खांदा आणि कंबर एकदम. श्वासाला डोकं उचलायचंच नाही, अंग वळलं की तोंड आपोआप बाहेर येतं — झोपेत कूस बदलतो ना माणूस, तसं. मी म्हटलं, झोपायचंच असेल तर तलावात कशाला यायचं?

ती बघा, चौथ्या लेनमधली लाल टोपी. च्यू आँटी. वय सहासष्ट, बाजारात नूडल्सचा गाडा आहे तिचा. दोन वर्षांपूर्वी पाण्यात तोंड बुडवायला घाबरायची. आता बघा — घाई नाही, फेस नाही. मार्चमध्ये पन्नाशीच्या वरच्यांची शर्यत झाली, तीत तिनं मला हरवलं. थोडक्यात. म्हणजे — अर्ध्या तलावानं. माझ्या गॉगलमध्ये पाणी गेलं होतं. म्हणजे शेवटी शेवटी गेलं. मी पोचलो तेव्हा ती टॉवेल गुंडाळून उभी होती. म्हणाली, "कोच, दमलात का? उद्या गाड्यावर या, सूप देते." सगळे हसले. गेलो मी. चांगलं करते सूप.

तिला कुणी शिकवलं? मी नाही, मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आँटी, या वयात जमायचं नाही. माझ्या मुलीनं शिकवलं, आँटीच्या पोहण्याचे व्हिडिओ फोनवर मागवून मागवून. सुई यिन. ऑस्ट्रेलियात पर्थला असते, लोकांचे दुखरे खांदे बरे करते. हो, पोहायची ना — राज्याच्या संघात होती. पाठ अशी सपाट की परीक्षक बघत राहायचे. दिवसाला सहा किलोमीटर. सतराव्या वर्षी खांदा गेला. हात वर जाईना, केस तिची आई विंचरायची. डॉक्टर म्हणाला, हिचं अंग वळतच नाही, सगळा भार एकट्या खांद्यावर पडलाय. मी विचारलं, डॉक्टर, तुम्हाला पोहता येतं का? त्याला येत नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो आपण.

तिनं मला कधी दोष दिला नाही. म्हणजे — पर्थला निघाली तेव्हा विमानतळावर एकदा बोलली. "पपा, मी वर्षभर सांगत होते, दुखतंय." खरंय, सांगायची. मी म्हणायचो, पाठ सपाट ठेव, जाईल दुखणं.

हल्ली मी सकाळी सातला येतो. कुणी नसतं, आँटी तेवढी असते. ती काठावरून सांगते, "कोच, कंबर. कोच, कंबर मागं राहिली." एकसष्टाव्या वर्षी नाकातोंडात पाणी जातं माझ्या. पण परवा एक फेरी — एकच — हात पुढं गेला, अंग त्याच्यामागं वळलं, आणि खांद्याला काही कळलंसुद्धा नाही. पलीकडचा काठ धरून मी तसाच राहिलो. इतकं सोपं होतं हो ते.

वर्गात? वर्गात अजून पाठ सपाटच शिकवतो. एकतीस वर्षांनी पालकांना काय सांगू?

शिस्तीसाठीच आणलंय तिला? — काय, कितीही रडली तरी चालेल? — तो फॉर्म द्या इकडं. द्या म्हणतो ना. च्यू आँटी शनिवारी शिकवते, ती बाहेर आली की विचारा. आणि जा आता, पोरगी केव्हाची उन्हात उभी आहे.