बारा बोअरच्या बंदुकीत पिवळं काडतूस

बंदुकीवरून आठवलं, आमच्या काकाचं ऐका. नेरजवळ त्याचं तुरीचं वावर आहे आणि रानडुकरांना हाकलायला लायसनची बारा बोअरची बंदूक. काडतुसं संपत आली होती, तेव्हा पुसदहून आलेल्या काकूच्या भावानं आपल्या बंदुकीची पिवळी काडतुसं पुढे केली.

काका म्हणाला, "हे तं बारीक दिसून राह्यलं."

"बारीक आहे म्हणूनच बसन, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

काकानं बंदूक उघडून काडतूस टाकलं, तर ते दिसेनासंच झालं. दोघांना वाटलं, हातातून निसटलं असेल. गवतात शोधलं, सापडलं नाही. शेवटी काकानं आपलं जुनं लाल काडतूस काढलं.

"थांबा," काकू म्हणाली. "मी पाहून राह्यली होती, खाली काही पडलं नाही. पह्यले नळीतून उजेड दिसते का पाहा."

उजेड दिसला नाही. काडतूस नळीतच पुढे सरकून अडकलं होतं. काकानं लाल काडतूस परत खिशात ठेवलं.

यवतमाळच्या बंदूक दुरुस्तीवाल्यानं ते लाकडी दांडीनं हळूच काढलं. म्हणाला, "हे वीस बोअरचं आहे, बारापेक्षा बारीक. याच्यामागं बाराचं टाकून घोडा ओढला असता तं नळी फाटली असती, हात गेला असता. कोणाच्या ध्यानात आलं?"

"हिच्या," काका सोबत आलेल्या काकूकडे बघत म्हणाला.

दुरुस्तीवाल्यानं बंदूक काकाच्या हातात दिली, पण बोलला काकूशी, "वहिनी, लायसन तुमच्या नावावर करून घ्या. यायले एक काठी द्या."