एक सेंटीमीटर कमी

हे मी सांगायला नको. आजोबांनी बजावलंय आणि आजीनेही. तरी ऐक.

आजोबा उन्हाळाभर इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकहून लांब समुद्रावर गळ टाकायला जात होते. शेवटी एक बास मासा गळाला लागला. त्यांनी लगेच आजीला फोन केला, "मसाला वाटून ठेव!"

मी सोबत होते, माशाला पट्टी लावली. एक्केचाळीस. इथल्या कायद्याने बेचाळीस सेंटीमीटरपेक्षा लहान बास परत सोडावा लागतो.

"शेपूट जरा सरळ करून बघ ना, बाळा."

"केलं, आजोबा."

त्यांनी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. तो हलायला लागला तेव्हा म्हणाले, "जा, मोठा हो."

येताना आम्ही सुपरमार्केटमधून एक बास घेतला.

जेवताना आजी म्हणाली, "छान आहे हो तुमचा मासा." आजोबा लाजले.

नंतर भांडी पुसताना ती माझ्या कानात म्हणाली, "हा मासा तर दुकानातल्यासारखा पोट साफ करूनच आला गं समुद्रातून! त्यांना बोलू नकोस हं."

मग मी तिला सोडलेल्या माशाचं सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी आजोबा निघाले की ती स्वतःच विचारते, "मसाला वाटून ठेवू ना?" आणि आजोबा इतके खूश होऊन— थांब, आजी हाक मारतेय. आले गं, आजी!