सगुणाबाईची चंद्री

न्हाई, तुमीच सांगा, शेळी इकायची तर मालकिणीला इचारावं का न्हाई? आमच्या हिर्डोशीची सगुणाबाई, एकटा जीव, पंधरा दिस पालीला भणीकडं तापानं पडली, आन हितं पुतण्यानं, त्या कोंडिबानं, तिची चंद्री भोरच्या बाजारात नेऊन इकली! घेतली कुणी, तर पुण्याच्या कुठल्याशा प्रयोगशाळेच्या माणसानं. सगुणाबाई परतली, रिकामं दावं बघितलं, तेच हातात घेऊन बसली. लोक म्हणाले, अवो शेळीच ती, दुसरी घ्या. दुसरी? जिला करडू असताना पदराखाली निजवली, तिच्या जागी दुसरी?

मग काय… सडकंला एसटी धरली, भोरला बदलली, काखेत उंबराचा पाला, हुडकत हुडकत पुण्यात पोचली. तिथं प्रयोगशाळेत पांढऱ्या सदऱ्यातल्या सौदामिनीबाई भेटल्या, भोरच्याच, लई शिकलेल्या. चंद्री झकास होती, फकस्त कानात सात नंबरचा बिल्ला. पाला काय आत नेऊ देईनात, पर बाईंनी शेजारी बसवून समजावलं. "मावशी, बाईच्या गर्भाशयात एक प्रथिन असतं, अंगातलं हार्मोन धरून ठेवणारं. ते आम्ही चंद्रीला टोचतो. मग तिच्या मानेतून रक्त काढतो; त्यात असं काही तयार झालेलं असतं, की हजारांतून तेवढं एकच प्रथिन ते हुडकून काढतं. पुढं कुठल्या बाईच्या छातीतल्या गाठीला कुठलं औषध चालेल, ते त्यावरून कळेल."

सगुणाबाईनं समदं ऐकून घेतलं आन एवढंच इचारलं, "जेवती का?"

वर्षानं काम सरलं की परत देते, असा बाईंनी शब्द दिला. तुमास्नी सांगतो, ते अठ्ठ्याहत्तर साल म्हातारीनं कसं काढलं! दर महिन्याला पुणं. जाळीबाहेर घटकाभर उभी राहायची, सौदामिनीबाई चंद्रीला आपल्या हातानं चारत्यात ते नुसती बघायची, परत यायची. लोकांचं आपलं चालूच, शेळीच ती!

वरीस सरलं, बाईंचं पत्र आलं. म्हातारी पळतच गेली. कंडक्टर शेळीला घेईना, मग कापूरहोळपतुर टेम्पो, फुडं भोरपतुर दुधाची गाडी, आन तिथनं दोन दिस पायी… पर आणली!

आन चंद्री? पाल्याला तोंड लावीना. पांढरा सदरा दिसला की रक्त द्यायला मान फुडं. लांबनं एसटीचा आवाज आला की धावत सडकंला, सौदामिनीबाई उतरत्यात का बघायला. गाडी गेली की तिथंच उभी.

चार दिस म्हातारीनं बघितलं. लोक म्हणाले, शेळीच ती, तिला काय कळतंय. पाचव्या दिशी ती सडकंला गेली, चंद्रीच्या पाठीवर हात ठिवला आन म्हणाली, "वरीसभर म्या तुज्यासाठी झुरले. आता तू तिच्यासाठी झुर. पर झुरायचं ते माज्या दारात."