पडद्याच्या कोपऱ्यातला गोल

(सकाळ. स्वयंपाकघर. आईला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. मामाचं आईला आणि आईचं मामाला ठकू पोचवते.)

मामा: ...आणि हे तिला सांगू नकोस. ती चिडेल.

ठकू: सांगितलं.

मामा: काय सांगितलंस?

ठकू: सगळं. 'ती चिडेल' हेसुद्धा.

मामा: अगं, मी तुझ्याशी बोलत होतो!

ठकू: आईसमोर बोललास ना? मग झालं. या घरात पहिल्यापासून हीच पद्धत आहे, मामा. खोलीत जे बोललं जाईल ते तिच्यापर्यंत जाणार. खाजगी बोलायचं तर जिन्यात जायचं.

आई: विचार त्याला, मी चिडेन असं काय आहे?

मामा: काय म्हणते?

ठकू: चिडण्यासारखं काय आहे विचारतेय. तूच सांग. आणि ओरडू नकोस. आवाज चढवलास म्हणून तिला ऐकू येत नाही, शेजाऱ्यांना येतं.

मामा: ताई, असं बघ. साहेबांचं म्हणणं एवढंच आहे... साहेब म्हणजे आमचे शिक्षणमंत्री...

आई: डोक्यावरचा चष्मा.

मामा: काय?

ठकू: तुझ्या साहेबांचं नाव. अक्षर अक्षर जुळवून नाव कोण सांगत बसणार? प्रत्येकाची एक खूण असते. ते चष्मा डोक्यावर ठेवतात आणि टेबलावर शोधत बसतात. म्हणून ते 'डोक्यावरचा चष्मा'. सगळ्या राज्यातले बहिरे लोक त्यांना असंच ओळखतात.

मामा: साहेबांच्या कानावर गेलं म्हणजे झालं! आणि माझी कोणती खूण?

ठकू: गालफुग्या.

मामा: या वयात?

आई: गाल आहेत तोवर.

मामा: बरं, बरं. मस्करी पुरे. ताई, काल विधानसभेचं कामकाज हातांनी सांगायला ठकू नेहमीप्रमाणे टीव्हीवर कोपऱ्यातल्या त्या गोलात होती. विरोधी पक्षाच्या बाई बोलत होत्या, कर्णबधिर मुलांची शाळा बंद करू नका म्हणून. साहेबांनी रीतसर उत्तर दिलं, खाली बसले, माइक बंद झाला. आणि त्यानंतर हिने हातांनी असं काहीतरी केलं, की आज उजाडल्यापासून आमच्या कार्यालयासमोर बहिऱ्या माणसांची ही गर्दी! आणि एक आवाज नाही गं. घोषणा देणारे परवडले. ते ओरडून दमतात, चहा पितात, घरी जातात. ही माणसं नुसती उभी आहेत आणि बघतायत. शिपायाला खिडकी उघडायची भीती वाटायला लागलीय.

ठकू: 'असं काहीतरी' नाही, मामा. ते बोलले तेच केलं. शेजारच्या मंत्र्याकडे वळून म्हणाले, 'करून टाका शाळा बंद. मुकीच तर आहेत, ओरडणार कोण?'

मामा: माइक बंद होता.

ठकू: माझे कान उघडे होते.

मामा: माइक बंद म्हणजे ते कामकाजात नाही. कामकाजात नाही म्हणजे बोललेच नाहीत. सगळीकडे असंच असतं.

ठकू: आधी मला काचेच्या खोलीत बसवणार होते, कानाला हेडफोन लावून. तिथे फक्त माइकमधलं ऐकू येतं. अध्यक्षच म्हणाले, तिला आत उभी करा, ज्याला कान आहेत त्याला इथे जे ऐकू येतं ते सगळं हातांवर आलं पाहिजे. म्हणून मी बाकांच्या शेजारी उभी राहते. कोणी बाक वाजवलं, मी ते करते. कोणी बसल्याबसल्या टोमणा मारला, मी तो करते. मागच्या अधिवेशनात तुमचा एक आमदार घोरायला लागला, तेही केलं. तेव्हा तुझे साहेबच पोट धरून हसले होते. म्हणाले, 'पोरगी काही सोडत नाही!'

मामा: घोरणं वेगळं.

ठकू: का? तेव्हाही माइक बंदच होता.

मामा: वकील व्हायला हवी होतीस तू. हे बघ, मी भांडायला आलेलो नाही. साहेबांनी मला मुद्दाम पाठवलंय. म्हणाले, घरची मुलगी आहे, सामोपचाराने मिटव. आज दुपारी अध्यक्षांच्या दालनाबाहेर पत्रकार असतील. तू समोर यायचं, नमस्कार करायचा आणि एवढंच म्हणायचं, 'गडबडीत माझे हात चुकले. मंत्रिमहोदय तसं बोलले नव्हते.' संपलं. उद्यापासून तू तुझ्या जागेवर.

आई: आणि नाही म्हटलं तर?

मामा: नाही म्हटलं तर चौकशी. साहेब म्हणणार, बोललो नाही. शेजारचे मंत्री म्हणणार, ऐकलं नाही. अध्यक्ष लांब. उरलीस तू एकटी. तुला काढतील, ठकू. आणि नुसतं तुला नाही. गोलच काढून टाकतील.

ठकू: गोल का?

मामा: कारण आता सगळ्यांनाच धडकी भरलीय. आमच्याच पक्षाला नाही, सगळ्यांना. माइक बंद झाल्यावर कोण काय बोलतं ते तुला माहीतच आहे. बघ म्हणजे, भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत होईल. मग ताईने काय बघायचं? नुसती हलणारी तोंडं? तुझं एक वाक्य राहील, आणि राज्यभरातल्या या माणसांच्या समोरून खिडकी जाईल. मी तुझ्या वाईटावर आहे का, सांग बघू?

ठकू: नाहीस. हेच तर रात्रभर माझ्या डोक्यात आहे. आई, माझी नोकरी गेली तर जाऊ दे, शिकवण्या घेईन. पण गोल गेला तर? तुम्ही लोकांनी त्याच्यासाठी कार्यालयांचे किती उंबरे झिजवलेत. कोणी दारात उभं करत नव्हतं. ते सगळं माझ्या एका वाक्यापायी...

आई: वाक्य तुझं नव्हतं.

ठकू: ते कळतं गं. तरी.

आई: लहान होतीस तेव्हा आपण कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदार माझ्याकडे बघून काहीतरी बोलला, गिऱ्हाइकं हसली. मी तुला विचारलं, काय म्हणाला? तू म्हणालीस, 'रंग छान दिसेल म्हणतो.'

मामा: काय चाललंय तुमचं? मला पण कळू दे.

ठकू: कापडाच्या दुकानातली गोष्ट. मी लहानपणी तिच्यापासून एक बोलणं लपवलं होतं, ती.

आई: तुझ्या चेहऱ्यावरून कळलं मला. रस्त्यात थांबवलं तुला. काय सांगितलं होतं?

ठकू: 'मला काय ऐकायचं ते मी ठरवीन. तू गाळायचं नाहीस.'

आई: काल तू ओठ घट्ट मिटलेस. एक क्षण हात थांबले. मला वाटलं, आता 'रंग छान' म्हणशील. तसं म्हणाली नाहीस. मान वर ठेवून सगळं सांगितलंस, मला शिवी होती तरी. मी एकटीच बसले होते समोर. उठून उभी राहिले. शेजारणीला हाताला धरून आत आणलं आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, ही माझी.

ठकू: हे मला काल नाही सांगितलंस.

आई: काल तू रडत आलीस. जेवायला वाढलं.

मामा: मला कोणी सांगणार आहे का, काय म्हणतेय ती?

ठकू: म्हणतेय, तिला माझा अभिमान वाटला.

मामा: तो मला पण आहे गं! नाही कोण म्हणतंय? तुला ते काम मिळालं तेव्हा मी सगळ्या मजल्यावर पेढे... बरं, ते राहू दे. अभिमानाने गोल वाचतो का, एवढं विचार तिला.

आई: गोल गेला तर परत मिळवू. मिळवायचा कसा ते आता माहीत आहे. पण खोटं सांगणारा गोल मला नको. त्यापेक्षा तोंडं बरी. मला तोंडं वाचता येतात. कालही वाचली.

ठकू: कोणाची?

आई: गोल लहान, बाकीचा पडदा मोठा. गोलात तू सांगत होतीस, 'ओरडणार कोण.' आणि मोठ्या पडद्यात, चष्म्याच्या मागे, एक माणूस हसत होता. गाल फुगवून.

मामा: काय म्हणाली? ठकू?

आई: सांग त्याला. गाळू नकोस.

ठकू: मामा, ती म्हणतेय, तू साहेबांच्या मागे, कर्मचाऱ्यांच्या बाकावर बसला होतास. आणि त्या बोलण्यावर तू हसलास. टीव्हीवर दिसलं तिला.

मामा: मी? छे! म्हणजे... सगळे हसले, म्हणून मी पण. मी काही नीट ऐकलं नव्हतं.

आई: न ऐकता हसणं कसं असतं ते मला विचार. सगळा जन्म मी तसंच हसले. लग्नात, बसमध्ये, चार माणसं हसली की आपणही हसायचं, वेडी दिसू नये म्हणून. ते हसू उशिरा येतं. डोळे इकडेतिकडे बघत असतात. तुझं तसं नव्हतं. तू ऐकून हसलास.

ठकू: मामा, पाणी देऊ?

मामा: नको. तिला सांग... काय सांगणार आता. साहेब हसले की हसायचं, अशी तोंडाला सवय लागलीय गं. शब्द कानात गेले, पण आत पोचले नाहीत. गाडीत बसल्यावर पोचले. मी कोणाचा भाऊ, ते तेव्हा आठवलं. तरीसुद्धा सकाळी उठून साहेबांचाच निरोप घेऊन आलो. हे... हे पण सांगितलंस तिला?

ठकू: सांगितलं.

मामा: बरं केलंस.

आई: बंद करतायत ती शाळा कोणती, विचार.

मामा: माहीत आहे. तुझीच.

आई: मला रोज तिथे कोण सोडायचं?

मामा: मी.

आई: गल्लीतली मुलं माझ्या हातांची नक्कल करायची तेव्हा?

मामा: अगं, आता ते कशाला...

आई: दप्तर फेकून त्यांच्या अंगावर जायचास. एवढासा होतास. मला ऐकू यायचं नाही, पण गळ्याच्या शिरा फुगलेल्या दिसायच्या. ओठ फोडून घरी यायचास आणि आपल्या आईने विचारलं की मला खूण करायचास, 'मी नाही केलं' म्हण.

ठकू: ही खूण अजून येते का, मामा?

मामा: न यायला काय झालं? तीनच तर येतात मला. 'जेवायला चल', 'आई चिडलीय' आणि 'मी नाही केलं'. ही बघ.

आई: शाळेत मी मैत्रिणींना सांगायचे, माझा भाऊ आहे. चष्म्याने काल विचारलं ना, ओरडणार कोण? मी टीव्हीसमोर बसून त्याला उत्तर दिलं. म्हटलं, तुझ्या मागे बसलाय बघ. तो लहानपणी माझ्यासाठी ओरडायचा. आणि तेवढ्यात तू हसलास.

ठकू: मामा... मी जसंच्या तसं सांगितलं हं. माझं यात काही नाही.

मामा: कळलं, बाई. कळलं. थांब, फोन वाजतोय. साहेबच आहेत.

ठकू: घे ना. जिन्यात जाऊन बोल, हवं तर.

मामा: नको. इथेच बोलतो... हॅलो. हो साहेब, तिथेच आहे... बोललो, सगळं समजावलं... नाही साहेब, ती तसं म्हणणार नाही... नाही, विरोधकांनी फूस लावलेली नाही, तिच्या आईने लावलीय, ती पण फार जुनी... साहेब, जरा ऐकता? ती एकटी नाहीये. मी मागेच होतो. मी पण ऐकलं... हो, शुद्धीवर आहे... चौकशीत विचारलं तर तेच सांगेन. कशाला, आज दुपारी तिच्या शेजारी उभा राहूनच सांगतो... इतकी वर्षं तुमच्यामागे चष्मा घेऊन फिरलो साहेब, कधी शब्दाने... ठेवला.

ठकू: मामा!

मामा: हे सगळं तिला सांगत होतीस की काय?

ठकू: तुझी बाजू पूर्ण. पलीकडून शेवटची शिवी थोडी ऐकू आली, तीही.

मामा: माझं आता काही खरं नाही, ठकू. चुरगळलेला सदरा घालून आलोय, पत्रकारांसमोर असाच उभा राहू?

ठकू: इस्त्री तापत ठेवते. पण खरंच बोलशील ना? तिथे गेल्यावर पाय लटपटले तर?

मामा: लटपटू देत. तोंड लटपटलं नाही म्हणजे झालं. ताईला सांग...

आई: नको. ठकू, हात खाली ठेव. त्याला सांगू दे.

ठकू: म्हणतेय, तूच सांग. हातांनी.

मामा: मला कुठे येतंय! म्हटलं ना, तीनच खुणा. आणि कामाला येणारी एकही नाही त्यात.

ठकू: आहे की. 'मी नाही केलं' मधला 'मी' घे, बाकीचं सोडून दे. मग हात कानाशी. मग तोंडापासून पुढे, लोकांच्या दिशेने. मी ऐकलं, मी सांगेन. घाबरतोस काय, बोटं मोडणार नाहीत.

मामा: असं? मी... कान... आणि हे असं बाहेर? थांब, परत करतो. ताई, इकडे बघ. मी... असं... आणि असं. बरोबर का? ठकू, कळलं का तिला?

आई: त्याला सांग, हात चुकले. पण कळलं.