वायरलेसवरची पाळी

कळमनुरीच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर जनकाबाई नावाच्या बाई आणि त्यांच्या गावचे जळबा बोलत होते.

"जनकाबाई, कुठं निघाल्या?"

"नांदेडला, भाऊ. आमची ऐश्वर्या सुट्टीवर येऊन राहिली. स्टेशनावर आणायला चालले."

"नेव्हीतली पोरगी! यंदा कुठं गेलतं तिचं जहाज?"

"फिलिपिन्सला. तिथल्या नेव्हीसंगं सराव व्हता."

"मंग चीन गप बसला का?"

"कशाचा बसतो! त्याचं जहाज दिवसभर मागं मागं."

"आरं बापा! मंग?"

"वायरलेसवर इचारलं त्यानं, इकडं काहून आले म्हणून. बोलायची पाळी नेमकी ऐश्वर्याची."

"काय बोलली?"

"म्हणली, समुद्र सगळ्यांचा हाय. आमी आमच्या वाटेनं चाललो. तुमचा बी प्रवास सुखाचा होवो."

"वाघीण हाय! भ्याली न्हाई?"

"भेव व्हतंच की. म्हणली, आई, आवाज लई थरथरत व्हता."

"थरथरणारच. लेकरूच हाय ते."

"तिचा न्हाई, भाऊ. त्या चिनी लेकराचा."

"आँ? मंग काय केलं हिनं?"

"मंग हिनं पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं. तवा कुठं त्यानं थँक्यू म्हणलं."