घड्याळावरचं उरलेलं फूल

एकोणीसशे त्रेसष्टच्या सुमाराची गोष्ट. मल्लेश्वरमला रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे दोघी शेजारिणी उभ्या होत्या. थोरली धाकटीला विचारत होती:

“वीणा, सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ रंगवलंस म्हणे?”

“हो अक्का. ते बेळगावला गेले होते तेव्हा. लाकूड अगदी काळं पडलं होतं. खिडक्यांचा हिरवा रंग उरला होता, तो दिला. वर पिवळी फुलं काढली.”

“त्यांना न विचारता?”

“विचारणार कशी? तीन वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाहीत. ह्यांनी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, त्याचा राग माझ्यावर. काही हवं असलं की ह्यांना सांगतात.”

“अय्यो. मग आल्यावर काय म्हणाले?”

“चपला न काढता घड्याळाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आल्या पावली परत जातात की काय. पण जेवले, झोपले.”

“आणि?”

“सकाळी मी चहा करत होते. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, ‘वीणा, डाव्या बाजूला एक फूल कमी आहे.’”

“तुला म्हणाले?”

“मलाच. हे तर अंघोळीला गेले होते.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, पिवळा रंग संपलाय. तर चहा तसाच ठेवून, पिशवी घेऊन बाहेर पडले.”

“आणला रंग?”

“आणला. आणि ब्रश दोन आणले.”