जावयाचा कोट आणि दोन वाक्यं

शिंपी : बसा बाई. तुमच्या जाकिटाला अस्तर लावतोच आहे. तोवर हा कागद तपासा. चूक-बरोबर एवढंच सांगा, मार्क देऊ नका.

बाई : जाकीट मंगळवारी देणार होतात. आज शनिवार.

शिंपी : मंगळवारच म्हणालो होतो. कुठला, ते कुठं म्हणालो?

बाई : तीस वर्षं बघतेय तुमचा मंगळवार, मास्तर. आणा तो कागद. हे काय, खाकी कागदावर खडूनं लिहिलंत?

शिंपी : पेन सापडेना. मापाचा खडू हाताशी होता.

बाई : 'आय होप यू हॅड अ व्हेरी गुड वेडिंग.' कुणासाठी?

शिंपी : जावयासाठी. ठकू आणि तो चार वाजता येतायत. तिला बघून तीन वर्षं झाली, त्याला तर फोटोतच पाहिलंय. इंग्रजीशिवाय बोलायची सोय नाही. आपल्या भाषेतले दोनच शब्द येतात म्हणे त्याला. एक 'बाबा'. दुसरा ठकू सांगत नाही, नुसती हसते.

बाई : वाक्यात चूक नाही.

शिंपी : झालं तर मग!

बाई : झालं कसं? लग्न छान झालं हे अख्ख्या गल्लीनं फोटोत पाहिलं. तुम्ही नव्हतात तिथं, एवढंच. तीन वर्षांनी ही कसली आशा व्यक्त करताय? आणि या वाक्यात तुम्ही आहात कुठं?

शिंपी : 'आय' आहे की. पहिलाच शब्द.

बाई : तो दारात उभा आहे. आत आलाय कुठं?

शिंपी : बाई, हातात सुई आहे माझ्या. जपून बोला.

बाई : का नाही गेलात हो? आज तरी सांगा.

शिंपी : सीझन होता.

बाई : मास्तर.

शिंपी : लग्नाचा पोशाख तिनं तयार घेतला. हँगरवरचा! शिंप्याची पोरगी! वर फोन करून सांगते कशी, 'बाबा, मीडियम अगदी फिट बसला.' मीडियम! बाळंतविड्यातल्या टोपड्यापासून मी शिवलंय तिला. माझी ठकू मीडियम?

बाई : आणि तुम्ही शिवला असतात, तर लग्न कुठल्या मंगळवारी लागलं असतं?

शिंपी : ...हे ठकूच्या आईनंही विचारलं होतं.

बाई : काय म्हणालात?

शिंपी : जेवलो नाही दोन दिवस.

बाई : बरं, मला एक सांगा. कापून झालेलं कापड पुन्हा अखंड होतं?

शिंपी : जोड देता येतो. पण दिसतो.

बाई : आणि न कापलेलं?

शिंपी : त्याचं काहीही होऊ शकतं. तागा पुढ्यात आहे तोवर आपण राजे.

बाई : न कापलेल्याला 'होप'. अजून व्हायचंय, होऊ शकतं. कापून बसलो, आता चुटपुट लागलीय, त्याला 'विश'. आणि ही चुटपुट गेलेल्या दिवसाची, म्हणून क्रियापद चांगलं दोन टाके मागं न्यायचं. म्हणा, 'आय विश आय हॅड कम.'

शिंपी : दोन टाके मागं. म्हणजे उसवायचंच की.

बाई : उसवायला कधीपासून घाबरायला लागलात?

शिंपी : लोकांचं उसवायला नाही घाबरत. ...आय विश आय हॅड कम. लहान आहे वाक्य, पण घशात अडकतं.

बाई : अडकू द्या. खाली काय खरडलंय? 'आय विश यू विल स्टे वन मंथ.' इथं 'होप' हवं. अजून बॅगासुद्धा उघडल्या नाहीत त्यांनी. आणि हा निळा कोट कुणाचा?

शिंपी : त्याचाच. फोटोवरून माप काढलं. फोटोत तो त्यांच्या घराच्या दारात उभा आहे. दुकानाचं हे दार सहा फूट दोन इंच, त्यावरून त्याची उंची काढली. नजर आहे, बाई.

बाई : सगळी दारं तुमच्या दाराएवढी?

शिंपी : दार ते दार. आणि न पाहिलेल्या माणसाच्या कपड्यात मी माया जास्त सोडतो. बाह्यांत, कडेला, तीन-तीन इंच कापड आत दुमडलेलं आहे. ...अरे देवा. बाई, हे बघा, माझ्या हातानं खडू पुसला गेला! एक अक्षर दिसत नाही!

बाई : बरं झालं. आता तोंडपाठ म्हणा.

(दाराशी गाडी थांबते. आधी मुलगी आत येते, मागून जावई, मान वाकवून.)

मुलगी : बाबा!

शिंपी : ठकू! वाळलीस. आता स्मॉल बसेल तुला.

मुलगी : आल्या आल्या सुरू?

बाई : मास्तर, तुमच्या दारातून वाकून आला तो.

शिंपी : दिसलं. ठकू, त्या फोटोतलं दार केवढं गं?

मुलगी : आमच्या घराचं? सात फूट असेल. का? अय्या, कोट! बाबा, तुम्ही शिवलात? घाल रे, घाल.

जावई : थँक यू, बाबा! ओ... इट इज ब्यूटिफुल.

मुलगी : ब्यूटिफुल आहे, पण मनगटं बाहेर आलीत.

बाई : नजर आहे हो.

शिंपी : हसा. ...जावईबापू, लिसन. युवर वेडिंग. आय... आय विश आय हॅड कम.

मुलगी : बाबा.

शिंपी : थांब, अजून एक राहिलंय, विसरेन.

जावई : वी केप्ट अ चेअर फॉर यू, बाबा. फ्रंट रो.

शिंपी : काय म्हणाला?

मुलगी : तुमची खुर्ची ठेवली होती. पहिल्या रांगेत. शेवटपर्यंत कुणाला बसू दिलं नाही त्यानं.

शिंपी : ...कोट काढ म्हणावं. बाह्या उसवतो. तीन इंच आहेत आत.

मुलगी : बाबा, डोळे पुसा आधी, सुई टोचेल. आणि आमचं परतीचं तिकीट पुढच्या रविवारचं आहे हं.

शिंपी : आय होप... बाई, 'होप'च ना?

बाई : 'होप'च.

शिंपी : आय होप यू विल स्टे. कोट रेडी होईपर्यंत.

जावई : मंगळवारी, बाबा?

बाई : हा का दुसरा शब्द!

शिंपी : मंगळवारी. ठकू, त्याला सांग, कुठल्या ते मी म्हणालेलो नाही.